तिनेकेची सायकल अनाथ होते

हार्म वीरिंगाने बायकोच्या सायकलचे टायर घरीच बदलायचं ठरवलं, त्याला जबाबदार कोपऱ्यावरचा सायकलवाला. हा गृहस्थ आधी वेळ ठरवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या सायकलकडे बघतसुद्धा नाही. ग्रोनिंगनची माणसं सख्ख्या बहिणीकडे कॉफीला जायचं झालं तरी आधी वेळ ठरवतात, त्यामुळे त्यात हार्मला काही वावगं वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या बोलण्यात.

"पंधरा दिवसांनी या," सायकलवाला म्हणाला.

"मला सोमवारी सकाळी हवी आहे."

"सगळ्यांनाच सोमवारी सकाळी हवी असते. आणि हे बघा, घरी खटपट करत बसू नका. जुनी सायकल आहे ही. ऑफिसात बसणाऱ्या माणसाचं काम नाही ते."

हार्म जलमंडळाच्या कचेरीत बसतो. कालव्यांचा आणि बांधांचा कर आपण अद्याप का भरला नाही, असं लोकांना अत्यंत नम्र शब्दांत विचारायचं हे त्याचं काम. इतकी वर्षं हे काम करताना आपण नुसते 'बसतो' असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्या माणसाने बरोबर नस पकडली होती. दुकानातून बाहेर पडला तेव्हा हार्मचे कान लाल झाले होते आणि ते थंडीने नव्हे.

पण नुसत्या मानापमानाचा प्रश्न असता तर तो दुपारपर्यंत विसरला असता. प्रश्न तिनेकेचा होता. मागच्या हिवाळ्यात बर्फावरून तिची सायकल घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, काठी सुटली, डॉक्टर मंडळी स्वतःवर खूश झाली, पण तिनेके पुन्हा सायकलवर बसली नाही. रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन खिडकीत उभी राहायची आणि कामाला जाणाऱ्या लोकांच्या पाठी बघायची. हार्मला ते बघवत नसे, म्हणून तो त्या वेळी बूट शोधायचा, सापडलेले असले तरी. आता डोळ्यांच्या इस्पितळातून बोलावणं आलं होतं, की सोमवारपासून पुन्हा स्वागतकक्षात रुजू व्हा. आदल्या संध्याकाळी जेवताना तिनेके म्हणाली होती, "सोमवारी सायकल धडधाकट दारात उभी असेल तर मी सायकलने जाईन. नसेल तर बसने. आणि एकदा बसने गेले ना हार्म, की मी कायमची बसवाली झाले. मी मला चांगली ओळखते."

"उभी असेल," हार्म म्हणाला.

एवढं बोलून ती शनिवारी सकाळी आसेनला बहिणीकडे गेली. आणि तेव्हा कुठे हार्मने खाली जाऊन सायकल नीट बघितली. वर्षभर उघड्यावर उभं राहून दोन्ही टायर हिवाळ्यातल्या टाचांसारखे भेगाळले होते. म्हणूनच तो आधी त्या सायकलवाल्याकडे गेला होता.

त्यांच्या वस्तीत एक दुकान आहे. तिथे मोजे, मेणबत्त्या, फुलदाण्या आणि दर आठवड्याला काहीतरी अनपेक्षित मिळतं. त्या आठवड्यात सायकलचे टायर होते. टायरबरोबर ट्यूब फुकट होती. दोन टायरांचा जोड इतका स्वस्त होता की हार्मला क्षणभर आपल्या चारी बाजूंना संशयाने बघावंसं वाटलं. स्वस्तातली वस्तू दिसली की तिची गरज आपल्याला पूर्वीपासून होती असं वाटायला लागणं हा तिथल्या लोकांचा जुना विकार आहे, पण इथे खरीच गरज होती, म्हणजे दुधात साखरच पडली. वेष्टनावर मोठ्या आकड्यात '२८' असं इंचांतलं माप लिहिलं होतं. त्या गावात सगळ्या मोठ्या माणसांच्या सायकली अठ्ठावीसच्याच असतात. कुणी 'केवढा टायर?' असं विचारलं तर 'अठ्ठावीस' म्हणायचं, हे तिथलं पोर शाळेत जायच्या आधी शिकतं. हार्मने दोन जोड घेतले. एक राहू दे म्हणून.

इमारतीसमोर सायकली लावायची लोखंडी चौकट आहे, तिथेच त्याने कारखाना मांडला. सायकल एका उलट्या बादलीवर टेकवली, पुढचं चाक काढलं, जुना टायर सोलून फेकला, आणि नव्याची एक कड रिमवर चढवायला घेतली. अर्धी चढली. उरलेली अर्धी चढेना. जिथे दाबावं तिथे बसे आणि समोरून निसटे.

"मी आपलं बोलतो हं, ऐकायलाच पाहिजे असं काही नाही," मागून आवाज आला. तळमजल्यावरचा बाउके खिशात हात घालून उभा होता. बाउके भूगोलाचा निवृत्त शिक्षक. गेली कित्येक वर्षं त्याने सल्ल्याखेरीज काही उचललेलं कुणी पाहिलेलं नाही. "टायर आधी घरात नेऊन हीटरवर ठेवायचा. रबर ऊब लागली की सैल होतं."

हार्मने टायर हीटरवर ठेवला. घरभर जळका वास सुटला. टायर होता तेवढाच राहिला.

"चमचे घे रे, चमचे," दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पोस्टमाबाई खिडकीतून म्हणाल्या. "आमचे हे नेहमी चमच्यांनी चढवायचे. चमच्याचं टोक आत घालायचं आणि उलटं पाडायचं. पण चमचा चांगला जाड पाहिजे."

घरात जाड असे चमचे कमी. हार्मने जे हाताला लागले ते आणले. पहिला वाकला. दुसरा वाकला. तिसरा मात्र भलताच भक्कम निघाला. हार्मने त्यावर सगळा भार टाकला आणि तो कमरेत मोडला तेव्हा त्याला दिसलं, की त्यावर नाव कोरलंय, 'हार्म', आणि खाली त्याची जन्मतारीख. जन्मल्यावर आत्याने दिलेला चांदीचा चमचा होता तो. आयुष्यात एकदाही खाण्याच्या उपयोगी पडला नव्हता, आणि आता पडणारही नव्हता.

"मी आपलं बोलतो हं," बाउके टायरची कड वाचत म्हणाला. त्याने चष्मा कपाळावर चढवला होता. "पण हा तुमचा अठ्ठावीस नव्हे."

"अठ्ठावीस लिहिलंय की मोठ्या अक्षरात."

"मोठ्या अक्षरात काहीही लिहितात. बारीक अक्षर वाचायचं असतं. अठ्ठावीस दोन असतात, हार्म. एक हल्लीचा आणि एक जुन्या उभ्या सायकलींचा. जुना बोटभरसुद्धा मोठा नसतो, पण असतो. तिनेकेची सायकल जुनी आहे. हा हल्लीचा अठ्ठावीस आहे. हा तिच्या चाकावर जन्मात चढायचा नाही."

"हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"तू विचारलंस कुठे?" बाउके म्हणाला.

हार्मने अर्धा चढलेला टायर ओढून काढला. बदलून घ्यायला जाताना पुन्हा घोळ नको म्हणून त्याने पुढचं चाकच पाठीला अडकवलं, टायर हँडलला लटकवले, आणि आपल्या सायकलवर टांग मारली. तिनेकेची सायकल बादलीवर तशीच उभी राहिली, पुढून बोडकी.

आता इथे थोडं मागचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं अन्यायकारक वाटेल. हार्म हा इमारतीच्या रहिवासी संघाचा चिटणीस आहे. त्या चौकटीत सोडून दिलेल्या सायकली फार. विद्यार्थी येतात, शिकतात, जातात, सायकल राहते. गंजते, वेल चढतात, पक्षी बसतात. असल्या सायकलीला तिकडे सरकारदरबारी 'अनाथ' असा शब्द आहे. हार्मने नगरपालिकेकडे या अनाथांबद्दल एक तक्रार केली, दुसरी केली, तिसऱ्या तक्रारीत तर त्याने स्वतःहून सुचवलं, की ज्या सायकलला चाकच नाही तिला चिठ्ठी लावून मालकाची वाट बघण्यात काय अर्थ आहे, ती सरळ उचलावी. नगरपालिकेकडून उत्तर आलं नव्हतं. ते त्या शनिवारी आलं, ट्रक घेऊन.

योग्य अठ्ठावीस मिळायला हार्मला तीन दुकानं फिरावी लागली. तिसऱ्यात मिळाले, तेही स्वस्तातलेच, आणि फुकट ट्यूबसकट. तो शीळ घालत परत आला, आणि शीळ दारातच थांबली. चौकट चकाचक रिकामी होती. सगळे अनाथ गेले होते. त्यांच्याबरोबर तिनेकेची सायकलही गेली होती. बादली तेवढी राहिली होती.

"हार्म, आले रे आले ते एकदाचे!" खिडकीतून पोस्टमाबाई आनंदाने म्हणाल्या. "मी त्यांना कॉफी दिली. म्हटलं, आमचा हार्म किती महिने मागे लागला होता तुमच्या. तो एकजण विचारत होता, ही चाक नसलेली कुणाची? मी म्हटलं, चाक नाही ना, मग घेऊन जा, हार्मनेच तसं लिहून कळवलंय."

"पोस्टमाबाई, ती तिनेकेची होती."

पोस्टमाबाईंनी खिडकी अर्धी ओढून घेतली. मग म्हणाल्या, "पण त्यांची कामाची पद्धत मात्र चांगली होती हो."

जप्त सायकलींचं कोठार गावाबाहेर, कारखान्यांच्या पट्ट्यात. हार्म पोहोचला तेव्हा घामाघूम झाला होता. एका मैदानात नजर पोहोचेल तिथपर्यंत सायकलीच सायकली होत्या, आणि फाटकापाशी एका टपरीवजा खोलीत वुब्बो नावाचा माणूस बसला होता. नाव छातीवर लावलेलं होतं. त्याच्या खोलीबाहेर त्याची मोटार उभी होती. एवढ्या सायकलींचा धनी मोटारीने कामाला येत होता.

"माझ्या बायकोची सायकल चुकून उचलली गेली आहे," हार्म आपल्या रस्त्याचं नाव सांगून म्हणाला.

"चुकून उचलत नाही आम्ही," वुब्बो शांतपणे म्हणाला. "मालकीचा पुरावा म्हणून किल्ली दाखवा."

"किल्ली कुलपात आहे."

"कुलूप कुठे आहे?"

"सायकलला."

"आणि सायकल?"

"तुमच्याकडे."

वुब्बोने यावर विचार केला. ज्याने कधी त्या गावातली सायकल वापरली आहे त्याला हे कळेल, की मागच्या चाकावरचं ते गोल कुलूप उघडं असलं की किल्ली त्यातून निघतच नाही. उघड्या कुलपाची किल्ली खिशात घेऊन फिरणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. वुब्बोलाही हे माहीत असणार. पण नियमात ते लिहिलेलं नव्हतं.

"म्हणजे तुमच्याजवळ किल्ली नाही."

"माझ्याजवळ चाक आहे," हार्म म्हणाला आणि वळून पाठ दाखवली.

"चाक घेऊन पुष्कळ येतात. ज्यांचं काही हरवलेलं नसतं तेच जास्त येतात. दुसरी किल्ली असेल घरी. घरच्यांना फोन करा."

दुसरी किल्ली तिनेकेच्या पर्समध्ये होती आणि पर्स आसेनला. फोन करायचा म्हणजे सांगायचं, की तुझी सायकल दारात नाही, भंगारात आहे, आणि तिला तिथे पोचवायची सूचनाही मीच केली होती. तिनेके रागावली नसती. तेच वाईट होतं. ती हलक्या आवाजात 'असू दे' म्हणाली असती, आणि सोमवारी बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली असती. हार्मने फोन खिशातून काढला आणि परत ठेवला.

"दुसरा काही मार्ग नाही का?"

"वर्णन करा. जुळलं तर बघू. रंग?"

"हिरवा."

वुब्बोने पडद्यावर पाहिलं. "आज त्या रस्त्यावरून आलेल्यांत हिरवी नाही."

"निळसर हिरवा. म्हणजे निळाच म्हणा."

"हँडल सरळ की वळलेलं?"

हार्मला आठवेना. दिवा कसला, आठवेना. घंटी कोणत्या बाजूला, आठवेना. त्याच्या कपाळावर पुन्हा घाम आला. स्वतःच्याच बायकोची सायकल, आणि ती आपण कधी बघितलीच नाही की काय? पलीकडे वुब्बो पडद्यावर खाली सरकत होता आणि एकाएकी म्हणाला, "एक मिनिट. या रस्त्याची तक्रार कुणाची होती ते इथे आहे. एच. वीरिंगा. आपलं नाव काय म्हणालात?"

"एच. वीरिंगा," हार्म म्हणाला.

"म्हणजे आपण स्वतःच्या सायकलविरुद्ध तक्रार केली."

"तशी केली नव्हती. ती तशी झाली."

"तीन वेळा?"

जलमंडळात खिडकीच्या अलीकडे बसून हार्मने असली माणसं किती पाहिली होती. कागद हातात नसलेली, हकीकत लांबवणारी, घाम पुसणारी. त्यांना तो अत्यंत नम्र शब्दांत परत पाठवत असे. आता त्या नम्र शब्दांची आठवण येऊन त्याला कसंसंच झालं. त्याने चाक जमिनीवर उतरवलं आणि वुब्बोकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"पुढचं मला काही सांगता येत नाही. मागचं सांगतो. आम्ही रोज एकत्र निघायचो, तिच्या इस्पितळाच्या वळणापर्यंत. ती पुढे, मी मागे. रस्ता अरुंद आहे, शेजारी शेजारी जाता येत नाही. मागच्या मडगार्डचा शेवटचा वीतभर भाग पांढरा रंगवलेला आहे, त्यातला डावीकडचा पोपडा उडालाय, तो बशीच्या तुकड्यासारखा दिसतो. कॅरिअरच्या रबरी पट्ट्यांपैकी एक तुटलीय, तिथे तिने माझ्या जुन्या पायजम्याची नाडी बांधलीय. तपकिरी. कोट चाकात जाऊ नये म्हणून बाजूला कापड असतं ना, ते उजवीकडे फाटलंय, तिने काळ्या दोऱ्याने शिवलंय, आणि टाके आधी बारीक आहेत, मग मोठे होत गेलेत, कारण तिचा पेशन्स संपला. लाल दिवा जरा वाकडा आहे. तो मी सरळ करणार होतो."

इथे तो थांबला. त्याला वाईट वाटत होतं, आणि आपल्याला वाईट वाटतंय हे एका अनोळखी सरकारी माणसासमोर उघडं पडल्याचं आणखी वाईट वाटत होतं.

वुब्बो उठला, टोपी घातली, आणि म्हणाला, "चला बघू."

सायकल मागच्या रांगेत सापडली. वुब्बोने खाली वाकून नाडी बघितली, टाके बघितले आणि मान हलवली. तिचा रंग करडा होता.

परत येऊन वुब्बो पुन्हा नियमाने वागायला लागला. "दोन्ही चाकं लावलेली असतील तरच वाहन फाटकाबाहेर सोडता येतं. हातात धरून चालवलीत तरी टायर पाहिजे."

म्हणून ग्रोनिंगनच्या जप्तीच्या कोठारात, हजारो अनाथ सायकलींच्या साक्षीने, हार्म वीरिंगाने आपल्या आयुष्यातला पहिला टायर चढवला. योग्य अठ्ठावीस असल्यामुळे तो हाताच्या तळव्यांनीच चढला. चमच्यांचं बलिदान आठवून हार्मला उगीचच अपराधी वाटलं. वुब्बोने पंप आणून दिला. हवा भरली, चाक हँडलखालच्या चिमट्यात बसवलं, आणि फिरवून बघितलं. प्रत्येक फेऱ्याला चाक एकदा उडी मारत होतं.

"असं उडायचं असतं का?" वुब्बोने विचारलं. "मी मोटारीने येतो, मला यातलं काही कळत नाही."

"नवीन आहे ना," हार्म म्हणाला.

"बरं. ही शेवटची ओळ भरायची आहे. तक्रारदाराचं समाधान झालं का?"

"झालं," हार्म म्हणाला. "पूर्ण झालं."

तो आपल्या सायकलवर बसला आणि तिनेकेची सायकल एका हाताने शेजारी चालवत निघाला. हे तिथल्या कुणालाही येतं. पण उड्या मारणारी सायकल एका हाताने नेणं वेगळं. रस्त्याच्या विटांवरून ती अशी काही बागडत होती की सिग्नलला एका बाईने त्याला सुनावलं, "अहो, हळू न्या तिला, तिची तयारी दिसत नाही." हार्मने मान ताठ ठेवली. त्या दिवशी त्याच्याजवळ ताठ राहिलेली तेवढी एकच वस्तू होती.

तिनेके संध्याकाळच्या गाडीने आली. हार्मने तिला काहीच न सांगायचं ठरवलं होतं आणि ते जमलंही असतं, पण ती जिना चढत असताना पोस्टमाबाई कचऱ्याची पिशवी घेऊन जिना उतरत होत्या. वर पोचेपर्यंत तिनेकेला ट्रक, कॉफी आणि 'हार्मनेच कळवलंय' हे सगळं कळलं होतं. बाउकेने खालून चमच्याचीही भर घातली. हार्म स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप ढवळत उभा होता. मागे वळायची त्याची हिंमत होईना.

मग तिनेके हसायला लागली. खुर्चीवर बसून, दुखरा पाय लांब करून, डोळे पुसत हसली. वर्षभरात ती अशी हसली नव्हती. हार्म तसाच सुपाकडे बघत राहिला, पण त्याच्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं.

"तू माझी सायकल अनाथ केलीस," ती म्हणाली.

"वर्णन सांगून परत आणली की."

"रंग काय सांगितलास?"

"सूप होतंय," हार्म म्हणाला.

रविवारी तिनेके स्वतः खाली आली. पायरीवर बसली, आणि हार्मला चाक फिरवायला सांगितलं. तिचे वडील तिची सायकल घरीच दुरुस्त करत, त्यामुळे तिला एक गोष्ट माहीत होती, जी वेष्टनावर मोठ्या किंवा बारीक कुठल्याच अक्षरात लिहिलेली नव्हती. "रिमच्या लगत टायरवर एक बारीक रेघ असते बघ. ती सगळीकडे रिमपासून सारखी लांब दिसली पाहिजे. तुझी रेघ इथे दिसते, तिथे गायब होते. म्हणजे तिथे कड आत दबून बसलीय. ती वर यायला हवी. हवा सोड."

"सगळी?"

"सगळी. आणि भांड्याचा साबण आण, पाण्यात कालवून."

कडेला साबणाचं पाणी लावलं. हार्म पंपाने हवा भरायला लागला. त्याच वेळी बाउके खिशात हात घालून आला आणि म्हणाला, "मी आपलं बोलतो हं, पण ट्यूब कडेखाली चिमटलीय की काय ते आधी..." आणि मोठा आवाज झाला. चिमटलेली ट्यूब फुटली होती. साबणाचं पाणी तिघांच्या तोंडावर उडालं, वर पोस्टमाबाईंची खिडकी उघडली, आणि बाउकेचे दोन्ही हात त्याच्या खिशातून बाहेर आलेले सगळ्यांनी पाहिले.

फुकटातली दुसरी ट्यूब घातली. या खेपेला तिनेकेने स्वतः बोटांनी चाकभर चाचपून बघितलं की ट्यूब कुठे बाहेर डोकावत नाही ना. मागच्या चाकाला चेनकव्हर, ब्रेक, कुलूप इतका लवाजमा होता की ते पूर्ण बाहेर काढणं म्हणजे घर बदलण्यासारखं. बाउकेने, खिशाबाहेर आलेल्या हातांचं काय करावं हे न सुचल्यामुळे असेल, सायकलचा मागचा भाग दोन्ही हातांनी ताणून धरला. त्या फटीतून हार्मने टायर सरकवला. जेवायची वेळ टळून गेली. कुणी वर गेलं नाही.

"आता भर हवा. हळू. आणखी. घाबरू नकोस."

"मी घाबरत नाही, मी जपतोय."

आतून 'टप' असा आवाज आला, आणि एक उसासा टाकल्यासारखी कड सबंध गोलात वर येऊन बसली. तिनेकेने चाक फिरवलं. रेघ सरळ, न डळमळता फिरत राहिली. ती बराच वेळ त्या फिरणाऱ्या चाकाकडे बघत होती. हार्म चाकाकडे बघत नव्हता.

सोमवारी सकाळी सायकल दारात उभी होती. हार्मने पिशवीत पंप, पाने, एक ट्यूब आणि न वाकलेला शेवटचा चमचा भरून घेतला. त्याने ठरवलं होतं, की तिच्या मागून थेट इस्पितळाच्या दारापर्यंत जायचं. त्याला उशीर झाला असता, पण कर चुकवणाऱ्यांना एक दिवस सवलत मिळाल्याने बांध फुटणार नव्हते.

"तू मागेच राहा," तिनेके हातमोजे चढवत म्हणाली. "आणि बोलू नकोस. 'सावकाश' तर अजिबात म्हणू नकोस."

पहिल्यांदा बसली आणि लगेच उतरली. दुसऱ्यांदा पाय पॅडलवर ठेवला आणि तसाच राहिला. हार्मने 'सावकाश' हा शब्द दातांखाली धरून ठेवला. मग ती निघाली. आधी वेडीवाकडी, कडेकडेने, गवताच्या नको तितकी जवळ. वळणावर तिने हात काढून इशारा केला नाही, दोन्ही हातांनी हँडल गच्च धरून ठेवलं. मागून कुणी घंटी वाजवली की तिचे खांदे वर जायचे. टायर मात्र बोट ठेवायला जागा देत नव्हता.

कालव्यावरच्या उचलत्या पुलावरून ती पलीकडे पोचली आणि तेवढ्यात पुलाचा दिवा लाल झाला, घंटा वाजायला लागली. हार्मच्या नाकासमोर दांडा खाली आला. पूल हळूहळू वर उचलला गेला, आणि वाळूने भरलेली एक लांबलचक बोट, आपल्यालाच कामाला जायचं नाही अशा चालीने, मधून यायला लागली.

पलीकडे तिनेके थांबली होती. एक पाय जमिनीवर टेकवून ती मागे बघत होती. हार्मला तिचा लाल स्कार्फ दिसत होता. आता ती उतरेल, त्याला वाटलं, सायकल हातात धरून उभी राहील, आणि मग काही खरं नाही. त्याने हात वर केला. थांब म्हणायचं की जा म्हणायचं हे त्यालाही ठरवता आलं नव्हतं. तेवढ्यात बोटीची केबिन मध्ये आली.

बोट सरली तेव्हा ती तिथे नव्हती. कालव्याकाठच्या रस्त्यावर कामाला जाणाऱ्यांची रांग चालली होती आणि त्या रांगेत लाल स्कार्फ दूर, ताठ बसलेला, चालला होता. वळणावर तिने डावा हात काढून नीट इशारा केला आणि दिसेनाशी झाली.

"तुमच्या मंडळी का त्या?" शेजारी सायकलवर टेकून उभा असलेला गृहस्थ म्हणाला. "थांबल्या नाहीत तुमच्यासाठी."

"नाही ना," हार्म म्हणाला. "अजिबात थांबली नाही."

आणि मग आपल्या दुसऱ्या बाजूला थांबलेल्या बाईकडे वळून, तिने काही विचारलं नव्हतं तरी, त्याने तिलाही तेच सांगितलं.